माझिर्बे: लिव्होनियन भाषेच्या किनाऱ्यावर

लात्व्हियाची राजधानी रीगाहून आखाताच्या कडेकडेने कोल्काला जाणारा साधारण 160 किलोमीटरचा रस्ता बराचसा पाइनच्या जंगलातून जातो. समुद्र उजव्या हाताला असतो, पण झाडांमुळे अधूनमधूनच दिसतो. कोल्काच्या टोकावर मात्र रीगाचं आखात आणि खुला बाल्टिक समुद्र समोरासमोर भिडतात. वारा असेल तर दोन दिशांनी आलेल्या लाटा एकमेकींवर आपटताना दिसतात. तिथून पश्चिमेकडे वळलं की लिव्होनियन मासेमारांची जुनी गावं लागतात. पाट्यांवर लात्व्हियन नावाबरोबर लिव्होनियन नावही असतं. माझिर्बे म्हणजे ईरे.

लिव्होनियन ही फिनिश आणि एस्टोनियनची बहीण. ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या ग्रिझेल्डा क्रिस्टिन्या 2013 मध्ये कॅनडात वारल्या, वयाच्या 103व्या वर्षी. पहिल्या महायुद्धात किनारा रिकामा करावा लागला. सोव्हिएत काळात तो सीमेचा बंदिस्त पट्टा झाला आणि समुद्रावर जायलाच बंधनं आली. जिथे मासेमारीच थांबली, तिथे मासेमारांची भाषा पुढच्या पिढीपर्यंत पोचणार कशी? माझिर्बेच्या झाडीत कुजत पडलेल्या लाकडी होड्या पाहिल्यावर मला हे नीट कळलं. एका होडीच्या फासळ्यांमधून झाड वर आलं होतं.

गावातलं पांढरं लोकगृह 1939 मध्ये फिनलंड, एस्टोनिया आणि हंगेरीच्या मदतीने उभं राहिलं. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी इथे उत्सव असतो. हिरवा, पांढरा, निळा असा 1923 सालचा झेंडा लागतो. समुद्रातून परतणाऱ्या मासेमाराला दिसणारा किनारा म्हणजेच हे तीन रंग: वर जंगल, मध्ये वाळू, खाली पाणी. लिव्होनियन गीताची चाल फिनलंड आणि एस्टोनियाच्या राष्ट्रगीतांचीच आहे. सगळे उभे राहून गात होते, तेव्हा मला भरून आलं.

तिथे एका आजींनी मला आकडे शिकवले: इक्श, कक्श, कुओल्म. पाचला वीझ, सहाला कूझ. फिनिशमध्ये हेच वीसी आणि कूसी, एस्टोनियनमध्ये वीस आणि कूस. फिनिशने शेवटची ‘इ’ जपली, एस्टोनियनने टाकली. लिव्होनियननेही टाकली, पण जाण्याआधी त्या ‘इ’ने शेजारच्या ‘स’ला तालव्य करून ठेवलं होतं. आपल्याकडे म्हैसचं म्हशी होतं ना, तसंच. उद्या म्हशीतली ‘ई’ झडली तरी ‘श’ तिची साक्ष देत राहील. तौलनिक भाषाशास्त्र अशाच साक्षींवर चालतं, आणि म्हणून मूठभर लोकांची भाषा तिथे लाखोंच्या भाषेइतकीच मोलाची ठरते.

पण फक्त बहिणींकडे पाहून लिव्होनियन कळत नाही. शतकानुशतकांचा शेजार लात्व्हियनचा. ‘मला आहे’ म्हणायला फिनिश माणूस जागा दाखवणारी विभक्ती वापरतो. लिव्होनियन मात्र लात्व्हियनसारखी सरळ चतुर्थी वापरते, जवळजवळ आपल्या ‘मला भाऊ आहे’सारखी. अक्षर उच्चारताना मध्येच आवाज अडकवायची लकबही दोघींत आहे. 1890 मध्ये विल्हेल्म थॉमसन या डॅनिश पंडिताने ती नोंदवली, आणि डॅनिशमध्येही तसाच अडकता आवाज असल्यामुळे त्याच्या कानाने तो बरोबर टिपला असणार. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. लात्व्हियनमधले घर, मुलगा, होडी यांचे शब्द, म्हणजे माया, पुइका, लाइवा, फिनिक भाषांकडून, म्हणजे फिनिश-एस्टोनियन-लिव्होनियनच्या कुळातून आलेले आहेत. लिव्होनियन संपली असं म्हणणाऱ्याने लात्व्हियन माणसाचं रोजचं बोलणं कान देऊन ऐकावं.

हे सगळं आज तपासता येतं, कारण लोक वेळेवर इथे आले. भाषाशास्त्रज्ञ अँडर्स योहान श्योग्रेन 1846 आणि 1852 मध्ये आला. तो वारल्यावर त्याची टिपणं फर्डिनांड विडेमानने पूर्ण केली, आणि व्याकरण व शब्दकोश 1861 मध्ये सेंट पीटर्सबर्गला छापले गेले. पुढे लाउरी केट्टुनेनचा मोठा कोश 1938 मध्ये आला. सालात्सा नदीकडची लिव्होनियनची पूर्वेची बोली तर एकोणिसाव्या शतकातच बुजली. ती आपल्याला माहीत आहे ती मुख्यतः या टिपणांमुळे.

काम अजून चालू आहे. टीट-राइन वीत्सो आणि वाल्ट्स एर्न्श्त्राइट्स यांचा लिव्होनियन-एस्टोनियन-लात्व्हियन शब्दकोश 2012 मध्ये निघाला, आणि 2018 पासून लात्व्हिया विद्यापीठात लिव्होनियन संस्था आहे. जाणार असाल तर ऑगस्टचाच शनिवार गाठा, आणि आकडे आधी पाठ करून जा. आजींना फार आनंद होतो.