फायररेडमध्ये चारमँडर घेताना : माझा अनुभव

पोकेमॉन फायररेड या गेमच्या सुरुवातीला तिघांतला एक पोकेमॉन निवडायचा असतो. बल्बासॉर, स्क्वर्टल की चारमँडर, यावर मला विचारच करावा लागला नाही. चारमँडर! सगळे बल्बासॉर घ्यायला सांगतात, कारण पहिल्या जिममध्ये ज्याला हरवायचं त्या ब्रॉककडे जिओडूड आणि ऑनिक्स हे दगडी पोकेमॉन असतात आणि बल्बासॉरचा व्हाइन व्हिप हा वेलीचा हल्ला त्यांना चौपट लागतो. खरं आहे. पण फायररेडमध्ये चारमँडर १३ व्या लेव्हलला मेटल क्लॉ हा धातूच्या पंजाचा हल्ला शिकतो, तेवढ्यावर ब्रॉक हरतो.

अडलं ते नेचरपाशी, म्हणजे गेम प्रत्येक पोकेमॉनला आपोआप देतो त्या स्वभावापाशी. एकूण २५ नेचर. त्यातले २० नेचर कुठला तरी एक गुण (अटॅक, वेग वगैरे) दहा टक्के वाढवतात आणि दुसरा तेवढाच कमी करतात. पाचव्या लेव्हलला हा फरक जेमतेम एका अंकाचा, म्हणून आकडे बघून काही कळत नाही, नेचरचं नावच वाचावं लागतं. या गेममध्ये आगीचे हल्ले स्पेशल अटॅकवर चालतात आणि मेटल क्लॉ साध्या अटॅकवर. मॉडेस्ट आला की मेटल क्लॉ लुळा, अ‍ॅडमंट आला की एम्बर हा आगीचा हल्ला लुळा. मला हवा होता माइल्ड किंवा रॅश, म्हणजे आग वाढते आणि मेटल क्लॉला धक्का लागत नाही.

चतुर्थीची सुट्टी, फोंड्याच्या घरी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधायची गडबड, आणि मी मामाने बोटीवरून आणलेला जुना गेम बॉय अ‍ॅडव्हान्स घेऊन ए, बी, स्टार्ट, सिलेक्ट एकदम दाबतोय, म्हणजे गेम रिसेट करून दुसरा नेचर मिळतो का बघतोय. रिसेट केलं की टायटल, मग तुम्ही आधी काय केलंत त्याची उजळणी (ती बी दाबून टाळा, नाहीतर जीव जातो), मग पोकेमॉन देणाऱ्या प्रोफेसर ओकचा तोच प्रश्न, टोपणनाव हवं का, मग प्रतिस्पर्धी सावकाश चालत जाऊन स्वतःच्या पोकेमॉनचा बॉल उचलणार. एवढं सोसून पोकेमॉनची माहिती दाखवणारी समरी उघडावी तर पुन्हा अ‍ॅडमंट! नेचर आधी दाखवायला काय हरकत होती? अजून राग येतो.

शेवटी रॅश आला तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडलो की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

सेव्ह ओकच्या प्रयोगशाळेत, पोकेमॉनचे बॉल ठेवलेल्या टेबलासमोर उभं राहून, बॉल उचलण्याआधीच करा. समरी दाराकडे जाण्याआधी बघा, दाराशी गेलात की लढाई सुरू. प्रतिस्पर्धी स्क्वर्टल घेतो, पण त्या लढाईत घाबरू नका, त्याच्याकडे तेव्हा पाण्याचा एकही हल्ला नसतो. बबल तो सातव्या लेव्हलला शिकतो.