हीथ स्ट्रीटचा शेवटचा थांबा

बॉस्टनच्या ग्रीन लाइनची ई शाखा हीथ स्ट्रीटला संपते. ट्राम वळसा घेऊन परत फिरते आणि समोरच व्हीएचं, म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी हॉस्पिटल दिसतं. सकाळी माझ्याबरोबर उतरणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या टोपीवर ‘व्हिएतनाम व्हेटरन’ अशी अक्षरं शिवलेली असतात. मी इथे न्यूरोसायकॉलॉजीची, म्हणजे मेंदूचा स्मृती, विचार आणि वागण्याशी संबंध तपासणाऱ्या शास्त्राची, पोस्टडॉक करतेय.

पीएचडी झाल्यावर अजून कसलं शिक्षण, असं आई दर फोनला विचारते. १९९७ साली ह्यूस्टनच्या परिषदेत या विषयाच्या प्रशिक्षणाची चौकट ठरली. तिच्यानुसार पीएचडी, इंटर्नशिप आणि त्यानंतर दोन वर्षं अनुभवी लोकांच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. तिकडून इथे यायचं ठरवणाऱ्या मुलामुलींनी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी: व्हीएत मानसशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकन नागरिकत्व लागतं, विद्यार्थी व्हिसावर हे दार उघडत नाही. मलाही नागरिकत्व मिळाल्यावरच अर्ज करता आला.

एका माणसाच्या तपासणीत अख्खी सकाळ जाते. शब्दांची यादी ऐकून ती परत सांगायची, आकृती बघून काढायची, आकडे आणि अक्षरं आलटूनपालटून रेषेने जोडायची. ही जोडायची चाचणी मूळची अमेरिकन लष्कराचीच, १९४४ च्या सुमाराची. न्यूरोसायकॉलॉजिस्ट एडिथ कॅप्लान यांनी बॉस्टनच्या व्हीएतच एक शिस्त घालून दिली: नुसते गुण मोजू नका, चूक कशी होते ते बघा. आकृती दोघांचीही चुकते, पण एक जण बाहेरची चौकट आधी काढतो आणि दुसरा कोपऱ्यातल्या तपशिलात अडकून पडतो. त्या फरकातून मेंदूबद्दल खूप काही कळतं.

इराक-अफगाणिस्तानातून आलेल्यांपैकी अनेकांचं म्हणणं सारखंच असतं. (कुणा एकाची गोष्ट मी इथे लिहिणार नाही, सारखं आहे तेवढंच लिहिते.) रस्त्यातल्या बॉम्बचा हादरा बसला, दोनचार मिनिटं काही सुधरलं नाही, आणि आता बायकोने सांगितलेलं लक्षात राहत नाही. “मॅम, माझा मेंदू कामातून गेलाय.” शुद्ध गेलीच तर अर्ध्या तासाच्या आत परत आली असेल, तर ती सौम्य इजा धरतात, आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत भरून येते. मग पंधरा वर्षांनी विसरायला का होतं? रात्र रात्र झोप नाही, दुःस्वप्नं पडतात, कान सतत दाराकडे. जे नीट डोक्यात शिरलंच नाही, ते आठवणार कुठून?

हे समजावून सांगणं हीच माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. सुरुवातीला मी आलेख समोर ठेवून “तुमची स्मृती उत्तम आहे” असं आनंदाने सांगायचे. समोरचा माणूस गप्प व्हायचा. त्याला ऐकू यायचं, ‘तू खोटं बोलतोयस.’ माझ्या मार्गदर्शक बाईंनी मला थांबवलं. आधी त्याचा त्रास खरा आहे हे बोल, म्हणाल्या, मग तो कुठून येतो ते सांग, आणि त्याच बैठकीत पुढचा रस्ता दाखव. रस्ता आहे. पीटीएसडीसाठी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनात राहिलेल्या आघाताच्या त्रासासाठी, साधारण बारा बैठकींची उपचारपद्धती आहे, झोपेसाठी वेगळी आहे. मेंदू शाबूत आहे हे एकदा मनापासून पटलं, की माणूस उपचाराला उभा राहतो. हे मी पाहिलंय.

आमचे नाना साताऱ्याकडचे, १९७१ च्या लढाईतले हवालदार. दिवाळीत फटाके सुरू झाले की ते मळ्यातल्या मोटारीच्या खोलीवर जाऊन बसायचे. घरात कुणी कधी विचारलं नाही. मागच्या महिन्यात मी आजीला फोनवर विचारलं, नाना झोपायचे का गं नीट? ती म्हणाली, “झोपायचे की.” मग जरा वेळाने म्हणाली, “ओट्यावर बसायचे, दाराकडं तोंड करून. मी आपली जागीच असायची, पण बोलायची न्हाई.”

तेव्हापासून सोबत आलेल्या बायकोला मी ‘ते झोपतात का’ असं विचारत नाही. रात्री ते कुठे बसतात, असं विचारते. उत्तर लगेच येतं.