बाप्तिस्मा नाही, मग दाखला कशाचा?

आधी एक सांगून ठेवते, नाहीतर विसरेन: बाप्तिस्मा (पाण्याने मंडळीत घेण्याचा ख्रिस्ती विधी) न झालेल्या लेकराच्या दाखल्यासाठी चर्चच्या ऑफिसात गेलात, तर तिथल्या रजिस्टरच्या कोऱ्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घ्या. कुठले रकाने आहेत ते घरी बसून बघता येतं. मला हे तिसऱ्या खेपेला सुचलं.

मी नगरची. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडलं की बाप्तिस्मा झाला. सासर डहाणूकडचं, ब्रदरन मंडळीतलं. तिथे माणूस कळता होतो, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतो, मग हौदात गुडघ्यांवर बसवून त्याला पुढच्या बाजूने तीनदा बुडवतात. पित्याच्या नावाने एकदा, पुत्राच्या एकदा, पवित्र आत्म्याच्या एकदा. नवऱ्याचा असा सोळाव्या वर्षी झालाय. त्यामुळे लेक झाली तेव्हा आई म्हणाली, "पोर तशीच ठेवणार का?" आणि सासूबाई म्हणाल्या, "तिला काय कळतंय अजून?" दोघी एकाच सोफ्यावर बसून, एकमेकींकडे न बघता.

आम्ही बालसमर्पण ठरवलं. बाळाला देवापुढे आणायचं, आईबापांनी आणि मंडळीने वचन द्यायचं, बाप्तिस्मा ती मोठी झाल्यावर मागेल तेव्हा. पाळकसाहेब दहा मिनिटांत हो म्हणाले. एका रविवारी झालंही. आई थोडी रडली, मग पुलाव वाढायला उठली.

वर्षं गेली. मग शाळेचा फॉर्म आला. अल्पसंख्याक कोट्यासाठी "बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा".

आमच्या चर्चचं ऑफिस मंगळवारी आणि गुरुवारी, दहा ते एक. मी हाफ डे टाकून गेले. सेक्रेटरीकाकांनी "सलाम" केला, चष्मा लावला, लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं. बोट वरून खाली फिरलं. नाव नाही. "बाप्तिस्मा नाही, मग दाखला कशाचा देऊ?" मी म्हटलं, समर्पणाचा. ते म्हणाले, "त्याला रकाना नाही."

दुसऱ्या खेपेला पाळकसाहेब बाहेरगावी. तिसऱ्या खेपेला काकांनी पंचकमिटीत विषय मांडतो म्हणून सांगितलं आणि वर सुचवलं, "तुम्ही असं करा ना, येत्या रविवारी थोडं पाणी घालून टाकू. प्रश्नच मिटला." माणूस वाईट नाही, खरंच मदत करत होता. पण माझं डोकं सणकलं. घरी दोन आज्या ज्यावर वर्षानुवर्षं जपून बोलतात, ते एका फॉर्मसाठी उरकून टाकायचं? आणि एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करत नाहीत. म्हणजे लेकीला उद्या स्वतःहून हौदात उतरायचं असेल, तर तो रस्ता आम्हीच बंद करून ठेवायचा.

चिडून नवऱ्याने जुनी कागदपत्रं वाचायला काढली. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आमचं चर्च त्यातलंच. अमेरिकन मेथडिस्ट ऐनवेळी बाजूला झाले, पण नगरकडचे काँग्रेगेशनल आले, ब्रदरन आले, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, डिसायपल्स, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन धारेचे मेथडिस्टही आले. त्यांना एक व्हायला चाळीसेक वर्षं बोलणी करावी लागली. बाळांचा बाप्तिस्मा की विश्वास कबूल केलेल्यांचा, यावर शेवटी ठरलं: दोन्ही चालतील, घराने निवडावं. पाळकांच्या दीक्षेवर तर याहून गंमत. दीक्षा देताना ठेवतात तसे सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले, आणि त्या हातांचा नेमका अर्थ मुद्दाम मोकळा सोडला. बिशप (पाळकांच्या वरचे धर्माध्यक्ष) मानणाऱ्यांनी आपला घ्यावा, इतरांनी आपला. शिकत असताना मला ही चक्क पळवाट वाटायची. आता नाही वाटत. माझं लग्न त्याच पळवाटेतून झालंय.

म्हणजे मोठ्या लोकांनी भांडून, थकून जागा करून दिली, आणि आमच्या रजिस्टरला ती पन्नास वर्षांत कळली नाही.

चौथ्या खेपेला मी वाद घातला नाही. (हे पहिल्यांदाच करायला हवं होतं. काकांना धर्मशास्त्र समजावू नका, ते तुमच्यापेक्षा जास्त उपासनांना बसलेत.) मजकूर घरून टाईप करून नेला: अमुक मुलीचं समर्पण अमुक तारखेला या मंडळीत झालं, आईवडील मंडळीचे सभासद आहेत, आणि चर्चच्या घटनेप्रमाणे विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा ही मान्य पद्धत आहे. लेटरहेड त्यांचं, शिक्का त्यांचा. पाळकसाहेबांनी उभ्याउभ्या सही केली. सभासद असल्याचा उल्लेख जरूर घाला, शाळेला तेवढंच हवं असतं. तिथल्या क्लार्कने कागद वाचलाही नाही, पंच करून फाईलला लावला.

आणि त्याच चौथ्या खेपेला, सही झाल्यावर, काकांनी स्वतःहून रजिस्टर ओढलं. बाप्तिस्म्याच्या तारखेपाशी आडवी रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात, मावेल तेवढ्या बारीक अक्षरात, समर्पणाची तारीख लिहिली.

परवा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. त्यांचंही तसंच, एक आजी पाण्याच्या बाजूची, एक हौदाच्या. "ऑफिसातल्या काकांनी तुमचा नंबर दिला," ते म्हणाले. "म्हणाले, यांना विचारा, यांचं झालंय."