कोपऱ्यातल्या ताऱ्यांना शेपटी का फुटते?

न्यूटनी, म्हणजे आरशाने प्रकाश गोळा करणाऱ्या, दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रात मधले तारे रेखीव दिसतात आणि कडेकडे जावे तसतशी प्रत्येक ताऱ्याला बाहेरच्या दिशेने पसरणारी शेपटी फुटते. आरसा नीट घासला गेला नाही म्हणून असे होत नाही. अन्वस्ताकार (पॅराबोलिक) आरसा अक्षाला समांतर येणारे किरण अचूक एका बिंदूत आणतो, पण तिरप्या किरणांसाठी आरशाचे प्रत्येक वलय ताऱ्याची प्रतिमा थोड्या वेगळ्या जागी आणि वेगळ्या आकाराची बनवते. हाच कोमा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या कार्यशाळेत मन लावून घासलेल्या उत्तम आरशालाही तो चुकत नाही.

अक्षापासूनच्या अंतराची तिप्पट करून तिला फोकल रेशोच्या (फोकल लांबी भागिले आरशाचा व्यास) वर्गाच्या १६ पटीने भागले, की शेपटीची लांबी मिळते. माझी दुर्बीण एफ/५ आहे, म्हणजे तिचा फोकल रेशो ५. कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा कोपरा मध्यापासून सुमारे १४ मिमी दूर असतो, म्हणजे तिथे शेपटी ०.१ मिमी, अर्थात ४ मायक्रॉनचे पंचवीसएक पिक्सेल. बहुतेक प्रकाश शेपटीच्या आतल्या, निमुळत्या टोकाशी एकवटत असल्याने ती प्रत्यक्षात आखूड दिसते, एवढाच दिलासा. एफ/४ वर हाच दोष दीडपटीहून जास्त होतो.

फ्रँक रॉस यांनी १९३० च्या दशकात मोठ्या परावर्ती दुर्बिणींसाठी फोकसच्या अलीकडे बसवायची भिंगे आखली. कोमा दूर करणारे आजचे भिंगसंच, म्हणजे कोमा करेक्टर, त्याच कल्पनेतून आले. मात्र करेक्टर विकत घेतला म्हणजे काम संपले, असे नाही. सेन्सर त्याच्यापासून ठरलेल्या अंतरावरच हवा, आणि हे अंतर बहुधा ५५ मिमी असते. कॅननच्या ईएफ माउंटच्या (लेन्स बसवायच्या कड्याच्या) डीएसएलआरमध्ये सेन्सर माउंटपासून ४४ मिमी आत असतो, म्हणून ११ मिमीचा अडॅप्टर लागतो. मध्ये २ मिमी जाडीचा फिल्टर आला, तर काचेमुळे फोकस जाडीच्या सुमारे एक तृतीयांश मागे सरकतो आणि अंतर ५५.७ मिमीच्या आसपास करावे लागते. हे अंतर जुळवणाऱ्या पाव-अर्धा मिलिमीटर जाडीच्या चकत्या मला म्हणूनच महागड्या फिल्टरपेक्षा मोलाच्या वाटतात.

अंतराला हात लावण्यापूर्वी कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, तपासावे, कारण शेपट्या चित्राच्या मध्यभागीही दिसत असतील तर दोष आरशांच्या जुळणीत आहे आणि करेक्टर तो झाकू शकत नाही. चारही कोपरे सारखेच बिघडलेले असतील तर अंतराचा संशय घ्यावा. एकच कोपरा बिघडला असेल तर कॅमेरा किंवा फोकसर (फोकस जुळवायची नळी) कललेला असण्याची शक्यता अधिक. सगळे तारे एकाच दिशेने लांबट असतील, तर बहुतेक वेळा दुर्बिणीच्या माउंटचे ट्रॅकिंग, म्हणजे ताऱ्यांमागे फिरण्याची अचूकता, पाहावे लागते.

हल्ली सॉफ्टवेअर ताऱ्यांचे आकार सुबक करून देते आणि मीही ते वापरतो, परंतु जुळवणी पारखताना नव्हे. त्यासाठी आकाशगंगेच्या दाट पट्ट्यातला, थोड्या सेकंदांचा एकच कच्चा फोटो पूर्ण आकारात उघडून चारही कोपरे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.