आमची वाटचाल: चार शायांपासून तीन प्रकाशांपर्यंत

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांची मागणी एकच असते: "रंग जसाच्या तसा हवा." फोटोग्राफर स्लाइड घेऊन यायचे तेव्हाही हेच, आणि आज मोबाइल समोर धरतात तेव्हाही हेच. रंगीत छपाईपूर्व कामात इतकी वर्षं घालवल्यावर आम्ही प्रत्येक ग्राहकाला आधीच सांगतो, की जसाच्या तसा रंग फिल्म देत नाही, टीव्ही देत नाही आणि कागदही देत नाही. काय राखायचं आणि काय सोडायचं, हे ठरवावं लागतं. ते समजून-उमजून ठरवून देणं हाच आमचा धंदा.

सुरुवात प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे छपाईसाठी चित्रातले रंग वेगळे करणाऱ्या कॅमेऱ्यावर झाली. पुढे मूळ चित्र, मागे डार्करूममध्ये फिल्म, मध्ये फिल्टर. लाल फिल्टरमधून काढलेल्या निगेटिव्हवरून सायनची (हिरवट निळ्या शाईची) प्लेट, हिरव्यातून मॅजेंटाची (किरमिजी), निळ्यातून यलोची (पिवळी). चौथी शाई काळी. नव्या मुलांना हे उलटं वाटायचं. पण सायन शाईचं काम लाल प्रकाश गिळण्याचं. चित्रात लाल प्रकाश जिथं कमी, तिथंच ती जास्त पडायला हवी. तत्त्व इतकं सरळ आहे. अडचण शायांत आहे. मॅजेंटाने फक्त हिरवा प्रकाश गिळावा, तर ती निळाही बराच खाते. सायनही थोडा हिरवा आणि निळा खाते. त्यामुळे तिन्ही शाया सारख्या प्रमाणात टाकल्या, की राखाडीऐवजी मातकट तपकिरी येतो. नितळ मधला राखाडी हवा असेल, तर सायन ५० टक्के आणि मॅजेंटा, यलो ४० टक्क्यांच्या आसपास ठेवावे लागतात. आमच्याकडे शिकायला आलेल्याला सगळ्यात आधी राखाडी साधायला बसवतात, ते म्हणूनच. राखाडी बिघडला की चेहरे बिघडतात, आणि चेहरा बिघडलेला कुणालाही कळतो.

ही तूट भरून काढायला तेव्हा मास्किंग करायचो: एका निगेटिव्हवर दुसरीची फिकी पॉझिटिव्ह बसवून नको तिथला यलो कमी करायचा. त्यावरही भागलं नाही, तर डॉट एचिंग. आमचे ज्येष्ठ कारागीर फेरिसायनाइड आणि हायपोच्या द्रावणात ब्रश बुडवून फिल्मवरचे ठिपके, ज्यांतून छापील चित्र बनतं ते, भिंगाखाली बारीक करत. काळ्या-पांढऱ्या फिल्मकडे बघून ते छापल्यावरचा रंग सांगायचे. आमच्या फर्मचा पाया या माणसांनी घातला, असं मी मानतो.

ड्रम स्कॅनर आला तसं मास्किंग गेलं. फिरत्या ड्रमवरची स्लाइड प्रकाशाच्या बारीक ठिपक्याने वाचली जायची आणि शायांचं गणित यंत्र करायचं. एचिंगवाल्यांनाच आम्ही स्कॅनरवर बसवलं. कुठला रंग किती उतरवायचा ही जाण त्यांच्यापाशी होतीच, हातात ब्रशऐवजी बटणं आली एवढंच.

फोटोग्राफर मंडळींशी मात्र वाद चालू राहिले. काही निळी फुलं स्लाइडवर गुलाबीसर येतात, ही त्यांची कायमची तक्रार. दोष प्रयोगशाळेचा नसतो. ती फुलं दृश्य पट्ट्याच्या पार टोकाचा गडद लाल प्रकाशही परत फेकतात. आपल्या डोळ्याला तो जवळपास जाणवत नाही, फिल्मच्या लाल थराला जाणवतो. फिल्मची नजर आणि आपली नजर एक नाही, हे रंगीत फोटोच्या पहिल्याच प्रयोगात ठरून गेलं होतं. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका चौकड्यांच्या रिबिनीचे तीन फोटो पडद्यावर एकावर एक टाकून दाखवले. थॉमस सटन यांनी ते लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून काढले होते. पण तेव्हाच्या प्लेटवरच्या रसायनाला लाल प्रकाश दिसतच नव्हता! तरी लाल आला. तो कसा आला, हे १९६१ साली कोडॅकमधल्या संशोधकांनी उलगडलं: रिबिनीतला लाल भाग अतिनील किरणही परत फेकत होता, आणि ते लाल द्रावणातून पार जात होते. प्रयोग सिद्ध झाला, पण वेगळ्याच किरणांवर. ही हकीकत मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो आणि सांगताना अजूनही आनंद होतो.

टीव्हीच्या जाहिरातींचं काम आलं तेव्हा आम्हाला रंगाचा विचार दुसऱ्या टोकाकडून करावा लागला. कागद पांढऱ्यापासून सुरू होतो आणि शाई प्रकाश कमी करत जाते. पडदा काळोखापासून सुरू होतो आणि लाल, हिरवा, निळा प्रकाश मिळवत जातो. १९५३ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या रंगीत प्रक्षेपणाची हुशारी मला फार आवडते. उजेडाची माहिती वेगळी पाठवायची, म्हणजे जुन्या कृष्णधवल संचांनाही चित्र मिळेल. त्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३०, निळ्याचा फक्त ११. रंगाची माहिती मात्र बरीच ढोबळ पाठवली तरी चालते, कारण बारकावे आपला डोळा उजेडावरून टिपतो.

खरी कसोटी लागते ती एकच वस्तू छापील पत्रकात आणि पडद्यावर सारखी दिसावी, असं ग्राहक म्हणतो तेव्हा. पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि गडद निळा चार शायांत येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. उलट बाजू कमी जणांना माहीत असते: छपाईतला शुद्ध सायन साध्या पडद्याच्या मर्यादेबाहेर पडतो. दोन्हींत बसणारे रंग निवडायचे, तर दोघांनीही काही सोडायचं. १९९३ साली आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम) ही संस्था स्थापन झाली आणि यंत्रागणिक प्रोफाइल, म्हणजे ते यंत्र कुठला रंग कसा दाखवतं याची नोंद, तयार करण्याची सर्वमान्य रीत आली, तेव्हापासून हे सोडणं मोजून करता येतं.

प्रकाशाचा प्रश्न मात्र प्रोफाइलने सुटत नाही. कापडाचा नमुना आणि त्याचं छापील चित्र एका दिव्याखाली जुळतं, दुसऱ्याखाली फुटतं. शाई आणि कापडाचा रंग प्रकाश वेगवेगळ्या तऱ्हेने गिळतात. म्हणून आम्ही प्रूफ (छपाईआधीचा नमुना) नेहमी ५००० केल्व्हिनच्या ठरावीक प्रकाशात दाखवतो, आणि ग्राहकाने खिडकीशी नेऊन पाहिलं तर तेही थांबवत नाही. फरक त्याच्या डोळ्यांनी दिसलेला बरा.

सध्या आमच्याकडची तरुण मंडळी सात शायांच्या छपाईवर काम करताहेत. नेहमीच्या चार, त्यात केशरी, हिरवी आणि जांभळी. स्क्रीनचे कोन, म्हणजे प्रत्येक शाईच्या ठिपक्यांच्या रांगांचा तिरकेपणा, आधीच भरलेले: सायन १५ अंश, मॅजेंटा ७५, काळा ४५, यलो ०. नव्या तिघींना स्वतंत्र कोन दिले तर जाळीचा नकोसा नक्षीदार पॅटर्न उमटतो. म्हणून केशरी सायनच्या कोनावर, हिरवी मॅजेंटाच्या आणि जांभळी यलोच्या कोनावर बसवली आहे. विरुद्ध जोड्या एकाच जागी सहसा लागत नाहीत, त्यामुळे हे जमतं. केशरीचे चढउतार आता सफाईदार येऊ लागलेत. जांभळीवर अजून काम चालू आहे.