मेस्तच्या लेटरमधलं एक वाक्य

३१ मार्च २०१८, शनिवार. आमच्या डिचोलीच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी मी २० जणांना नोकरी संपल्याची लेटरं दिली, एकेकाला केबिनमध्ये बोलावून. त्यातली १९ कशी दिली ते आता नीट आठवत पण नाही, कोणी भांडलं, एकजण रडला, दोघे हसत हसत "माहीत होतं रे" म्हणून सही करून गेले. विसावं लेटर मात्र आठवतं.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टानं गोव्यातल्या ८८ खाण लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १५ मार्चपर्यंत आवराआवर करा म्हणून सांगितलं, १६ पासून सगळं बंद. कोर्टाचं चूक की बरोबर त्यात मी इथे शिरत नाही, आमच्या भागात त्यावर घराघरात भांडणं झालेली आहेत. आमचे पात्रांव, म्हणजे मालक, खाणवाले नव्हेत, कॉन्ट्रॅक्टर. १४ टिपर, ४ पोकलेन आणि ते सगळं चालू ठेवणारं वर्कशॉप, मिळून ३१ माणसं. मी तिथं पर्सोनेल, अकाउंट्स आणि जे पडेल ते बघायचो. खाण बंद म्हणजे आम्ही बंद. फक्त पत्रादेवी ते करासवाडा हायवेचं चौपदरीकरण चाललेलं तिथं दोन पोकलेन भाड्यानं लागलेली, आणि चार टिपरना खडीची भाडी मिळण्यासारखी होती, तेवढ्याला ११ माणसं पुरे. पात्रांवनी संवत्सर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावून सांगितलं, ११ ठेव, बाकीच्यांची लिस्ट कर, आणि हो, माझा ड्रायव्हर त्या ११ मध्ये धर. हा ड्रायव्हर पात्रांवच्या घरचा बाजार आणायचा, पोरांना शाळेत सोडायचा, टिपर त्यानं आयुष्यात चालवला नव्हता. म्हणजे खरं तर १०.

मी शहाणपणा करून एक एक्सेल शीट केली. हजेरी, काम येतं किती, आणि निष्ठा, प्रत्येकाला १० पैकी मार्क. शाळेत मास्तर मार्क देतो तशी भरत गेलो आणि अर्ध्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की निष्ठेच्या कॉलममध्ये ज्यांना मी ८-९ दिलेत ते सगळे कोण आहेत, तर ज्यांनी कधी पगारवाढ मागितली नाही ते. ज्यानं चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, तोंडावर अ‍ॅडव्हान्ससाठी आवाज चढवला त्याला मी ४ दिले होते. त्याचं काम चोख होतं, सुट्टी नाही, दारू नाही, पण निष्ठा ४. निष्ठा म्हणजे मला त्रास न देणं असा माझा हिशेब निघाला. शीट डिलीट केली. (ती रिसायकल बिनमध्ये पुढे बरेच दिवस होती, ते वेगळं.)

ड्रायव्हर, ऑपरेटर, हेल्पर यांचं तसं सोपं गेलं, कारण कायदाच सांगत होता. तेव्हाचा औद्योगिक विवाद कायदा १९४७, त्यातलं २५-जी कलम, ज्या कॅटेगरीत माणसं कमी करायची तिथं शेवटी आला तो आधी जाणार. पात्रांवच्या ड्रायव्हरचं काय केलं विचारू नका, त्याला त्यांनी घरच्या पगारावर घेतला. अडलं ते मेकॅनिकमध्ये. मेकॅनिक तीन, ठेवायचा एक. एकानं आधीच म्हापशाला भावाबरोबर गॅरेज टाकायचं ठरवलं होतं, तो आपणहून बाजूला झाला. राहिले दोन, मेस्त आणि पोरगा.

मेस्त म्हणजे आमचे मोठे मेकॅनिक. त्यांचं नाव हजेरीपटावर सोडून कुठे कोणी घेत नसे, सगळे मेस्तच म्हणायचे. १९९१ च्या चवथीनंतर लागले. इंजिनाला कान लावून सांगायचे कुठला इंजेक्टर गेलाय. पोरगा डिचोलीच्या आयटीआयचा, आमच्याकडे साडेतीन वर्षं झालेली, पण २०१६ ला आम्ही जी दोन नवी पोकलेन घेतली त्यांचं सगळं त्याच्या हातात. ही मशीन वेगळी, लॅपटॉप लावायचा, फॉल्ट कोड बघायचा, पंपाचं प्रेशर स्क्रीनवर. आणि हायवेच्या कामावर लागलेली होती ती नेमकी हीच दोन. त्या कामाचं ॲग्रीमेंट असं की मशीन एक दिवस बंद तर त्या दिवसाचं भाडं नाही. मेस्तना त्या मशीनचं ऑइल बदलता येत होतं, फॉल्ट काढता येत नव्हता. एकदा प्रयत्न करून बघितला तेव्हा दीड दिवस गेला आणि शेवटी निघाली सेन्सरची वायर, पोरगा सुट्टीवरून आला आणि १० मिनिटांत दाखवली. मेस्त त्या दिवशी जेवले नाहीत.

पण २०१२ पण होतं ना. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा रिपोर्ट आला आणि त्या सप्टेंबरात पहिल्यांदा खाणी थांबल्या, मग सुप्रीम कोर्टाची बंदी, ती उठली २१ एप्रिल २०१४ ला. १९ महिने. तेव्हा आमची माणसं जिथं जमेल तिथं गेली, कोण ओडिशाला, कोण हॉटेलात सिक्युरिटीला, कोणी कर्ज काढून स्वतःचा टिपर घेतलेला तो बँकेनं उचलला. मेस्त अर्ध्या पगारावर राहिले. दर आठवड्याला १४ च्या १४ गाड्या चालू करून १५ मिनिटं ठेवायचे, बॅटऱ्या काढून आत, पावसात टायरखाली फळ्या. रात्री यार्डातून बॅटऱ्या चोरीला जायच्या त्या काळात, आजूबाजूच्या सगळ्यांच्या गेल्या, आमची एक गेली नाही कारण मेस्त टॉर्च घेऊन यार्डातच झोपायचे. बंदी उठली तेव्हा बाकीच्यांच्या गाड्यांच्या केबिनमधून वेली बाहेर आलेल्या आणि आमच्या सेल्फला चालू झाल्या. पात्रांव हे सगळ्यांना सांगायचे, लग्नात, देवळात, कुठेही. "माणूस असावा तर असा."

आता त्या माणसाला काढायचं की पोराला, विचारलं तर पात्रांव म्हणाले, पोरगा ठेव. एका सेकंदात. मी म्हटलं, मेस्त? तर म्हणाले, मेस्तचं मला पण वाईट वाटतं रे, पण मशीन बंद पडलं तर वाईट वाटून चालू होणार आहे का. आणि ह्यात खोटं काही नव्हतं, मी स्वतः हिशेब केला तर माझा आकडा पण तोच येत होता. मेस्तना ठेवून मशीन महिन्यातून चार दिवस जरी उभं राहिलं तरी उरलेल्या १० जणांचा पगार निघणार नव्हता.

फक्त सीनियरला काढून ज्युनियरला ठेवायचं असेल तर २५-जी म्हणत होतं, कारण लेखी नोंदवा. म्हणून मी मेस्तची फाईल काढली. आणि फाईलमध्ये काय मिळालं तर २०१६ चा एक कागद. नवी मशीन घेतली तेव्हा कंपनीनं पुण्याला आठ दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं होतं, आमची दोन माणसं पाठवा म्हणून. सर्व्हिस इंजिनियरनं स्वतः सुचवलेली दोन नावं होती, मेस्त आणि पोरगा. मेस्तच्या नावावर निळ्या पेनानं काट आणि बाजूला त्या म्हापशावाल्याचं नाव. काट माझी, खाली सही माझी.

आठवलं मग. मेस्त गेले तर आठ दिवस यार्ड कोण बघणार, हे एक. दुसरं, जे मी तेव्हा पात्रांवना बोलून पण दाखवलेलं, की पोरांना ट्रेनिंग दिलं तर ती टिकतील, मेस्त काय, ते कुठे जातायत. जो कुठे जाणार नाही त्याच्यावर खर्च कशाला. तो राहिला म्हणून त्याला शिकवलं नाही, आणि शिकला नाही म्हणून आता त्याला काढायचं. आणि म्हापशावाला, ज्याला टिकावा म्हणून पाठवला, तो तर चाललाच होता.

दुसरा गोंधळ हिशेबाचा. सीएच्या ऑफिसातून शीट आली त्यात मेस्तची सर्व्हिस २५ वर्षं. मी म्हटलं हे कसं, सप्टेंबर ९१ ते एप्रिल १८ म्हणजे २६ वर्षं ७ महिने, सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे २७. तर तिथला मुलगा म्हणतो, सर ते बंदीचे १९ महिने वजा केलेत, फुल पगार नव्हता ना. हे ऐकून मी खुर्चीतून उठलोच. ज्या १९ महिन्यांचं कौतुक लग्नात सांगायचं तेच शीटवर शून्य! कायद्यात तर साफ होतं, २५-बी, कामगाराची चूक नसताना काम बंद पडलं तर ती सर्व्हिस अखंडच. बेसिक-डीए मिळून १८,२०० होते, ग्रॅच्युइटीला भागिले २६ गुणिले १५ म्हणजे वर्षाचे १०,५००, आणि नुकसानभरपाई वर्षाला १५ दिवसांची म्हणजे ९,१००, दोन वर्षांचा दोन्ही मिळून फरक ३९,२०० रुपये. पात्रांवशी त्यावर अर्धा तास घासाघीस झाली आणि शेवटी "कर तुला पाहिजे ते" म्हणाले. एवढं एक काम मी त्या महिन्यात बरोबर केलं असं मला वाटतं, आणि ते पण कायद्यात होतं म्हणून.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो म्हणजे कोणी शेवटाला त्याची वाट बघत बसायला नको. पोरगा ऑक्टोबरात मस्कतला गेला, आठ दिवसांची नोटीस देऊन. त्याला दोष देत नाही, तिथं तिप्पट पगार. पात्रांव म्हणाले मेस्तना बोलव, आणि कायद्यानं पण काढलेल्या माणसालाच आधी विचारायचं असतं. मेस्त तोवर साखळीला एका वेल्डिंगवाल्याकडे रोजावर जात होते. आले नाहीत. फोनवर "बघतो" म्हणाले, आमच्याकडे "बघतो" म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

तर ती ३१ तारीख. मेस्तना मी मुद्दाम शेवटी बोलावलं, जेवणानंतर. हात धुऊन आले होते, तरी नखात ग्रीस होतंच. बसा म्हटलं तर उभेच राहिले, मग बसले. लेटर इंग्लिशमध्ये, सगळ्यांचीच तशी, वकिलानं करून दिलेली. मेस्त मराठी पेपर रोज शेवटच्या पानापर्यंत वाचतात पण इंग्लिश नाही, म्हणून म्हणाले, काय लिहिलंय ते वाचून सांग. आम्ही बोलतो कोंकणीत आणि वाचतो-लिहितो मराठीत, आमच्या भागात हे असंच. मी सांगत गेलो, एक महिन्याची नोटीस, ३० एप्रिल शेवटचा दिवस, ग्रॅच्युइटी एवढी, भरपाई एवढी, २७ वर्षं धरलीत. त्यांनी मान हलवली. मग कारणाचं वाक्य आलं. इंग्लिशमध्ये ते असं बेमालूम होतं की नव्या मशीनचं ट्रेनिंग झालेलं नसल्यामुळे वगैरे, कोणी काही केलं असं त्यात कुठेच नाही, आकाशातून पडल्यासारखं.

मेस्त थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हाका पुण्याक धाडूंक ना न्हय." म्हणजे मला पुण्याला पाठवलं नाही ना. राग नाही, काही नाही. पाना कुठल्या नंबरचा ते सांगावं तसं.

मी काय बोलणार. त्यांना तो कागद माहीत होता की नाही मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमत तेव्हाही नव्हती.

मग म्हणाले, हे मला मराठीत लिहून दे. मी म्हटलं मेस्त, कायद्याला इंग्लिशच चालतं, सही ह्याच्यावर करा. म्हणाले, सही करतो, पण घरी बायको विचारणार, पोरगी विचारणार, का काढलं, दारू पिऊन काढलं की चोरी करून काढलं, तेव्हा दाखवायला. लिही.

लेटरहेडचा कागद घेतला. तारीख, त्यांचं नाव, पद, सगळं झरझर लिहिलं. "नवीन मशीनचं ट्रेनिंग" इथपर्यंत आलो आणि पेन थांबलं. कारण पुढे मराठीत काहीतरी एक ठरवावंच लागतं, घेतलं नाही की दिलं नाही. वकिलाच्या इंग्लिशमध्ये ते ठरवायची गरजच पडली नव्हती. समोर मेस्त कागदाकडे बघत नव्हते, खिडकीतून बाहेर यार्डात बघत होते, तिथं १४ टिपर रांगेत उभे.

"दिलं नाही" लिहिलं. हे वकिलाला दाखवलं असतं तर त्यानं मला खाल्लंच असतं, असा कागद घेऊन माणूस उद्या लेबर ऑफिसला गेला तर आमचं अवघड झालं असतं, हे लिहिताना मला माहीत होतं. खाली सही केली, वर कंपनीचा शिक्का मारला. मेस्तनी कागद दोनदा वाचला, दुसऱ्यांदा जरा लांब धरून, कारण चष्मा बाहेर टूलबॉक्सवर राहिला होता. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि इंग्लिश लेटरवर जिथं बोट ठेवलं तिथं सही केली.

जाताना दारात थांबून म्हणाले, सही कालच्या तारखेची नको ना केलेली? मी बघितलं तर घाईत मी ३० लिहिलं होतं. कागद परत घेतला, खोडून ३१ केलं, आणि खोडल्याच्या बाजूला परत एक सही.