नाटकी पोट्टी

दुपारी लाईन गेली. कूलर घरघरत थांबला आणि आतल्या खोलीत गाढ झोपलेली धाकटी ताडकन उठून बसली. ढोल बडवा, ही हलायची नाही. कूलर थांबला की जागी. शेजारी थोरली घामाने थबथबून घोरतच होती.

हे काही आजचं नाही. दोघी झाल्या २०१३ च्या मे महिन्यात, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या तोंडावर. २३ तारखेला नागपूरचा पारा ४७.९ वर गेला, तेव्हा मी कानाला रुमाल बांधून खाटेवर. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून सासूबाईंनी कूलर बाहेरच्या खोलीत ठेवलेला, मधलं दार जेमतेम किलकिलं. थंडावा आमच्यापर्यंत यायचाच नाही, यायची ती नुसती घरघर. धाकटीला तेवढी पुरायची. पोटातही बाळाला रक्ताच्या वाहण्याचा, आतड्यांचा आवाज सारखा ऐकू येत असतो. शांतता ही बाहेर आल्यावर लागलेली कटकट.

तिची शिंक तर बघण्यासारखी. आधी भुवया वर जायच्या, मग ओठांचा चंबू, मग नजर छताला लावून दीर्घ विचार. आम्ही सगळे हातातलं काम सोडून थांबलेलो. आणि शिंक यायचीच नाही! बाईसाहेब पुन्हा दूध प्यायला लागायच्या, तेही मूठ वळून एक हात वर, मोर्चात घोषणा दिल्यासारखा. "ही पोट्टी लय नाटकी हाय बाई," मालीशवाल्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला.

झोपेत दोन्ही हात फैलावून दचकायची, तेही मी तिच्या नाटकात धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, सगळीच बाळं करतात, याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात. अर्न्स्ट मोरो नावाच्या डॉक्टरांनी १९१८ मध्येच ते लिहून ठेवलंय. असेल. त्यांनी आमची धाकटी पाहिली नव्हती.

हे किस्से घरात इतक्यांदा सांगून झालेत की धाकटी आता स्वतःच साभिनय सांगते. थोरली ऐकते, हसते. मागे एकदा हसता हसता तिने विचारलं, "आई, आणि मी काय करायची?"

मी आठवून पाहिलं. प्यायची, झोपायची, वजन वेळच्या वेळी वाढायचं. दोन बाळं आणि उचलणारी एकटी, की रडतं त्याला आधी घेतलं जातं. न रडणाऱ्याला लोक शहाणं म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. शहाण्या बाळाचं सांगायचं काय?

मग उचक्या आठवल्या. त्या दोघींनाही लागायच्या, अगदी पोटात असल्यापासून. रात्री बरगडीखाली ठक, ठक, ठक. कोणाच्या होत्या, देव जाणे.

"उचक्या तुझ्या," मी म्हटलं. "पोटातल्यासुद्धा."

"खोटं!" धाकटी ओरडली.

ओरडू दे. तिच्या नावावर बाकी पुष्कळ आहे.